भिगवण-उजनी एकदिवसीय पक्षिनिरीक्षण सहल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उजनी जलाशयाच्या काठाने आणि बेटांमधून फिरण्याच्या आमच्या गटसहलीबद्दल दरवर्षी ऑक्टोबर उजाडला, की साधारण तेच प्रश्न येऊ लागतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दोन प्रश्नांचा संबंध येतो तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. धरणाच्या पाणीपातळीचा उल्लेख वाचकांना जागोजागी आढळेल. त्याला इलाज नाही, कारण पक्षी कुठे असतील, नाव कुठवर जाईल आणि बेटे किती असतील, हे सर्व येथे पाणीच ठरवते.

१. नकाशावर ‘भिगवण पक्षी अभयारण्य’ शोधले तर तीन-चार वेगवेगळी ठिकाणे दिसतात. नेमके जायचे कुठे?

भीमा नदीवरील उजनी धरण सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात आहे आणि त्याचे काम १९८० साली पूर्ण झाले. धरणाच्या जलाशयाला यशवंतसागर असे नाव आहे. त्याचे फुगवट्याचे पाणी पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात भिगवणच्याही वर पसरते आणि पक्षी प्रामुख्याने या उथळ फुगवट्यात, म्हणजे कुंभारगाव, डिकसळ आणि आसपासच्या गावांच्या काठांवर असतात. भिगवण हे पुणे-सोलापूर महामार्गावरील बाजारपेठेचे आणि रेल्वे स्थानकाचे गाव असल्याने त्याचे नाव रूढ झाले, इतकेच. ‘अभयारण्य’ हा शब्दही बोलण्यातला आहे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे रीतसर घोषित अभयारण्य असून २०२० साली ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. उजनीचे तसे नाही. हा जलसंपदा विभागाचा जलाशय आहे. त्यात मासेमारी चालते, काठावर ऊस उभा असतो आणि पाणी ओसरलेल्या जमिनीवर गाळपेराची शेती होते. येथे प्रवेशद्वार, तिकीटखिडकी किंवा कुंपण शोधत बसू नये. आमची नाव कुंभारगावच्या काठावरून सुटते.

२. रोहित (फ्लेमिंगो) नक्की दिसावेत यासाठी कोणत्या महिन्यातील तारीख निवडावी?

नक्की असे कोणीही सांगू शकत नाही आणि जो सांगतो त्याच्याकडे नोंदणी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तरीही अंदाज बांधता येतो.

मोठा रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून गाळ आणि पाणी गाळतो व त्यातील सूक्ष्म जीव खातो. पाय कितीही लांब असले, तरी तळाचा गाळ त्याच्या चोचीच्या टप्प्यात यावा लागतो. ऑक्टोबरमध्ये धरण तुडुंब असते तेव्हा पाणी थेट शेतांच्या बांधांना लागलेले असते आणि असा उथळ पट्टा फारसा शिल्लक नसतो. उजनीच्या स्वतःच्या परिसरात पाऊस बेताचाच पडतो. धरण मुख्यतः पुण्याकडील धरणांतून सोडलेल्या पाण्यावर भरते. पुढे कालव्यांतून शेतीला आणि नदीतून सोलापूर शहराला पाणी सोडले जाते, तसतशी पातळी उतरते आणि काठाचा चिखल उघडा पडू लागतो. रोहित या उतरत्या पाण्याच्या मागोमाग येतात.

त्यामुळे वर्तमानपत्रातील धरणसाठ्याचा तक्ता आमच्या दृष्टीने कोणत्याही दिनदर्शिकेपेक्षा उपयोगाचा आहे. डिसेंबरअखेर उजनी जवळजवळ भरलेले असेल, तर फेब्रुवारीच्या मध्यानंतरची किंवा मार्चची तारीख घ्यावी. पाऊस कमी होऊन साठा लवकर घटला असेल, तर जानेवारीतही थवे दिसू शकतात. मार्च आणि एप्रिल हे महिने बहुतेक वर्षी हमखास म्हणावेत इतके चांगले असतात, पण तेव्हा ऊन सोसावे लागते आणि हिवाळी बदके परतीच्या वाटेवर असतात. एका वर्षी आम्हीच जानेवारीच्या सहलीच्या पत्रकावर मोठा गुलाबी रोहित छापला होता आणि त्या दिवशी सबंध जलाशयात आम्हाला एकही रोहित दिसला नाही. तेव्हापासून पत्रकावर शेकाट्या हा लांब पायांचा पाणपक्षी असतो. तो कधी दगा देत नाही.

३. बातम्यांत ‘उजनी उणे पातळीत’ असे येते. पाणीच नसेल तर पक्षी कुठून असणार?

उणे याचा अर्थ कोरडे असा नाही. उजनीची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट, म्हणजे टीएमसी, आहे आणि त्यापैकी सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा, म्हणजे उपयुक्त पातळीखालचा साठा, आहे. उपयुक्त साठा संपला, की पातळी शून्य मानली जाते आणि त्याखाली उतरलेले पाणी उणे टक्केवारीत मोजले जाते. शून्य टक्क्यांवरही जलाशयात निम्म्याहून अधिक पाणी असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. पाणथळीच्या पक्ष्यांसाठी हा काळ वाईट नसतो, कारण चिखलाचे पट्टे रुंदावतात. २०२४ च्या उन्हाळ्यासारखी पातळी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली, तर मात्र पाणी काठापासून फार दूर जाते, नावेपर्यंत पोहोचण्यासाठी भेगाळलेल्या गाळातून बरेच चालावे लागते आणि अशा वेळी आम्ही सहल घेत नाही.

४. धरण भरलेले असताना, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, येण्यात काही अर्थ आहे का?

रोहितांचा हट्ट नसेल, तर आहे. थंडीच्या सुरुवातीला थापट्या, तलवार बदक, भुवई बदक आणि चक्रवाक यांचे थवे येऊ लागतात. पट्टकादंब हंसही येतात. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणाऱ्या या पक्ष्याची सात हजार मीटरहून अधिक उंचीवरील उड्डाणे नोंदली गेली आहेत, आणि तो येथे एखाद्या शेतकऱ्याच्या बांधाजवळ निवांत चरताना दिसतो. चित्रबलाक, उघड्या चोचीचा करकोचा, चमचा, मोर शराटी, राखी आणि जांभळा बगळा हे तर असतातच. पाण्यातून वर आलेल्या वाळक्या झाडांवर ऑस्प्रे हा शिकारी पक्षी मासा घेऊन बसलेला सापडतो. कुरव आणि सुरय नावांभोवती घिरट्या घालतात, आणि सायंकाळी ज्वारीच्या शिवारावर भोरड्यांचे थवे धुरासारखे वळत-वाकत जातात. ज्यांनी हे एकदा पाहिले ते पुढच्या वेळी रोहितांची चौकशी जरा कमी करतात, असा अनुभव आहे.

५. दिवसभराचा कार्यक्रम कसा असतो?

पुण्यातून पहाटे साडेचारला निघून हडपसर, यवत, पाटस, कुरकुंभ या मार्गाने आपण सूर्योदयाच्या सुमारास काठावर पोहोचतो. चहा तिथेच मिळतो. पोह्यांसाठी मात्र वाटेत थांबत नाही, कारण त्या अर्ध्या तासाची किंमत पाण्यावर मोजावी लागते. सूर्य वर येण्याआधी वारा पडलेला असतो, पाणी स्थिर असते आणि पक्षी चरण्यात मग्न असतात. सुमारे अडीच ते तीन तास नावेतून काठ आणि बेटांच्या कडेने फिरून आपण परततो व नाश्ता करतो. त्यानंतर तासभर बसून सर्वांच्या नोंदी जुळवल्या जातात. हा भाग कंटाळवाणा वाटेल म्हणून काही जण टाळू पाहतात. प्रत्यक्षात ‘मी पाहिलेला शराटी काळा होता की मोर शराटी’ हा वाद तिथेच मिटतो. जेवण आणि विश्रांतीनंतर चार वाजता डिकसळच्या बाजूने काठावर पायी फेरी असते. मावळतीला निघून रात्री नऊच्या सुमारास पुणे गाठले जाते.

६. मी स्वतःच्या गाडीने किंवा रेल्वेने आलो तर चालेल का?

चालेल. पुण्याहून भिगवण सुमारे १०० किलोमीटर आहे आणि पहाटे दोन ते सव्वादोन तास पुरतात. रेल्वेने येणाऱ्यांनी आदल्या रात्रीच येऊन कुंभारगावात घरगुती मुक्काम करावा. नाव ठरलेल्या वेळी सुटते. मागे राहिलेल्यांसाठी ती परत काठावर आणली जात नाही, कारण तोवर गट पक्ष्यांच्या जवळ पोहोचलेला असतो आणि वळलेली नाव सगळा थवा उठवते.

७. मला पोहता येत नाही. नावेत बसणे सुरक्षित आहे का?

पोहता येणे ही अट नाही, पण लाइफ जॅकेट ही अट आहे आणि तिला अपवाद नाही. ‘उकडते’, ‘फोटो चांगले येत नाहीत’ किंवा ‘मी पट्टीचा पोहणारा आहे’ यांपैकी कोणतेही कारण ऐकले जात नाही. २१ मे २०२४ रोजी याच जलाशयात कळाशी ते कुगाव दरम्यान प्रवाशांना नेणारी नाव वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. उन्हाळ्यात दुपारनंतर येथे वारा अचानक उठतो आणि एरवी तळ्यासारखे शांत दिसणारे पाणी काही मिनिटांत लाटा मारू लागते. म्हणून आमची नाव सकाळीच पाण्यात जाते आणि उन्हाळ्यात दहाच्या आत काठाला लागते. एका नावेत नावाड्याखेरीज सहाच जण बसतात. चालत्या नावेत उभे राहायचे नाही. पक्षी ज्या बाजूला दिसेल त्या बाजूला सर्वांनी एकदम झुकणे हे तर उभे राहण्यापेक्षाही धोक्याचे असते.

८. अठरा जणांचा गट म्हणजे गर्दीच झाली. एवढ्या माणसांना पाहून पक्षी उडून जात नाहीत का?

गट तीन नावांत विभागला जातो आणि तिन्ही नावा एकाच थव्याकडे जात नाहीत. एक नाव काठाने, दुसरी बेटांच्या बाजूने आणि तिसरी मोकळ्या पाण्याच्या कडेने निघते व तासाभराने त्या जागा बदलतात. प्रत्येक नावेत एक जाणकार असतो. नावाडी बहुतांश मच्छीमार कुटुंबांतील तरुण आहेत. जाळी कुठे लावली आहेत, कोणत्या बाजूला गाळ आहे आणि कालपासून थवा कुठे सरकला आहे, हे त्यांना पुण्याहून आलेल्या कोणाही अभ्यासकापेक्षा चांगले ठाऊक असते, त्यामुळे नाव कुठे न्यायची हे शेवटी तेच ठरवतात.

पक्षी माणसांच्या संख्येपेक्षा हालचालीला आणि आवाजाला अधिक बुजतात. बोट दाखवण्यासाठी झटकन उंचावलेला हात पाण्यावरून फार लांबून दिसतो. दिशा घड्याळाच्या काट्यांवरून सांगावी, म्हणजे नावेचे टोक बारा वाजता मानून ‘दोन वाजता, बेटाच्या टोकाला, चक्रवाकाची जोडी’ असे हळू आवाजात म्हणावे.

९. नावाडी नाव आणखी जवळ का नेत नाही? आम्ही पैसे दिलेले असतात.

हा प्रश्न सर्वांत अधिक वेळा येतो आणि बहुधा त्याच सूरात येतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

चरणाऱ्या रोहितांच्या माना खाली असतात. नाव जवळ येऊ लागली, की आधी कडेच्या दोन-चार पक्ष्यांच्या माना वर येतात. मग बऱ्याच माना वर येऊन थवा एकाच दिशेला चालू लागतो. तिसऱ्या पायरीवर ते धावत पाण्यावरून उठतात. अनेकांना ही तिसरी पायरी हवी असते, कारण उघडलेल्या पंखांचा लाल आणि काळा रंग तेव्हा दिसतो. परंतु तो देखावा पक्ष्याला महागात पडतो. चरण्याचा वेळ बुडतो, उडण्यात शक्ती खर्च होते, आणि सुटीच्या दिवशी अशा दहा नावा आल्या तर थवा त्या दिवसापुरता तरी तो काठ सोडतो. मागून येणाऱ्या नावेतील लोकांना मग रिकामा चिखल दिसतो.

आमचा नियम पहिल्या पायरीचा आहे. पहिली मान वर आली, की इंजिन बंद होते आणि नाव जिथे असेल तिथे बांबू रोवून थांबवली जाते. पाच-दहा मिनिटे निमूट बसलात, तर माना पुन्हा खाली जातात आणि कित्येकदा थवा स्वतःच चरत-चरत नावेच्या दिशेने सरकतो. नावाड्याला परस्पर जादा पैसे देऊन थवा उठवायला सांगितल्याचे आढळल्यास ती नाव तिथूनच काठाला वळवली जाते. हे आजवर दोनदा करावे लागले आहे.

१०. बेटांवर उतरता येते का?

फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत नाही. इतर वेळी ठरावीक एका बेटावर, नावाडी सांगेल तेवढीच मिनिटे.

पाणी उतरले, की बुडालेले उंचवटे आणि जुने बांध बेटांसारखे वर येतात. ही बेटे दिसायला ओसाड असतात, पण तेवढ्यासाठीच ती नदी सुरय आणि छोटी आर्ली यांसारख्या पक्ष्यांना पसंत पडतात. चारही बाजूंना पाणी असल्याने कुत्री, मुंगूस किंवा कोल्हे तिथे सहजी येत नाहीत. हे पक्षी काड्यांचे घरटे करत नाहीत. उघड्या जमिनीवरील खळग्यात अंडी घालतात आणि ती अंडी खड्यांत इतकी बेमालूम मिसळतात, की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. शिवाय पालक पक्षी उठून गेला, तर एप्रिलच्या उन्हात उघडी पडलेली अंडी फार वेळ तग धरत नाहीत. डोक्यावर ओरडत घिरट्या घालणारा सुरय ‘स्वागत’ करत आहे असे समजणाऱ्यांसाठी हे लिहिले आहे.

११. माझ्याकडे दुर्बीण नाही. घ्यावी का? आणि कॅमेऱ्याला कोणती लेन्स लागेल?

पहिल्या सहलीसाठी दुर्बीण विकत घेऊ नये. प्रत्येक नावेत सामायिक वापरासाठी दोन दुर्बिणी असतात. पुढे घ्यावीशी वाटली, तर आठ पट मोठे दाखवणारी आणि बेचाळीस मिलिमीटर भिंगाची (८×४२) घ्यावी. हलत्या नावेत त्याहून अधिक पट दाखवणारी दुर्बीण हात स्थिर नसल्याने उलट त्रासच देते. काठावरच्या सायंकाळच्या फेरीत तिपाईवरील स्कोप, म्हणजे एकनळी मोठी दुर्बीण, असतो. कॅमेऱ्यासाठी चारशे मिलिमीटरपर्यंतची लेन्स नावेतून पुरते. तिपाई नावेत आणू नये, ती कोणाच्या तरी पायात येते.

१२. कपडे आणि इतर काय आणावे?

फिकट तपकिरी, मातकट किंवा राखाडी रंगांचे पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, पाणी आणि मळले तरी चालतील असे बूट आणावेत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाण्यावर बोचरी थंडी असते, म्हणून स्वेटर आणि कानटोपी हवी. नऊनंतर तीच कानटोपी खिशात जाते. पांढरा आणि भडक रंग टाळावा. फोन आणि कॅमेऱ्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी आणावी आणि ती परतही न्यावी.

१३. लहान मुले आणि ज्येष्ठ नागरिक येऊ शकतात का?

सात वर्षांवरील मुले येऊ शकतात, मात्र त्यांच्यासोबत पालकांपैकी एक त्याच नावेत हवा. तीन तास गप्प बसणे मुलांना जमत नाही, ही भीती अनाठायी आहे. आम्हाला गप्प बसवावे लागते ते मोठ्यांना. ज्येष्ठांना अडचण येते ती नावेत चढताना आणि उतरताना, कारण काठ निसरडा असतो आणि धक्का नसतो. गुडघ्यांचा त्रास असल्यास नोंदणी करतानाच सांगावे, म्हणजे पक्क्या उताराच्या जागेवरून बसण्याची सोय करता येते. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांना सध्या नावेत सुरक्षितपणे बसवता येत नाही. त्यांच्यासाठी काठावरची सायंकाळची फेरी गाडीतून आणि स्कोपच्या साहाय्याने होऊ शकते. गरोदर स्त्रियांनी नाव टाळावी, असा आमचा आग्रह असतो.

१४. स्वच्छतागृहाची सोय आहे का?

काठाजवळच्या ज्या घरी जेवण असते तिथे आहे. पाण्यावर आणि बेटांवर नाही. नावेत बसण्यापूर्वी पंधरा मिनिटे यासाठीच ठेवलेली असतात.

१५. जेवणात काय असते? शाकाहारी जेवण मिळते का?

जेवण गावातील घरीच केलेले असते. मासे खाणाऱ्यांसाठी ताटात बहुधा चिलापी असते, तळलेली किंवा रश्शातली, आणि सोबत ज्वारीची भाकरी व भात. चिलापी म्हणजे तिलापिया. तो मूळचा आफ्रिकेचा मासा, आता उजनीत इतका माजला आहे की येथील जाळ्यांत पुष्कळदा तोच भरतो. भिगवणच्या मासळी बाजारात तो ढिगांनी दिसेल. शाकाहारी ताटात पिठले, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि एखादी भाजी असते. उपवास असल्यास दोन दिवस आधी कळवावे. जलाशयाचे पाणी पिऊ नये आणि त्यात हातही धुऊ नयेत, कारण पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांतून शेवटी येथेच येते. उन्हाळ्यात पाण्यावर जो हिरवा तवंग दिसतो त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

१६. मुंबईत पाहिलेले फ्लेमिंगो अधिक गुलाबी होते. भिगवणचे फिके का दिसतात?

ठाणे खाडीतील थव्यांत छोटा रोहित मोठ्या संख्येने असतो आणि तो मुळातच गडद गुलाबी असतो. उजनीवर प्रामुख्याने मोठा रोहित येतो. तो उंच असतो, बसलेला असताना पांढुरका दिसतो आणि त्याचा खरा रंग पंखांत दडलेला असतो. गुलाबी रंग अन्नातील कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे येतो, म्हणून पूर्ण वाढ न झालेली पिल्ले मळकट राखाडी असतात आणि रंग चढायला त्यांना काही वर्षे लागतात. थव्यात अशी राखाडी पाखरे पुष्कळ दिसली, तर ते आजारी आहेत असे समजू नये. रोहित उजनीवर घरटी करत नाहीत. भारतात त्यांची मोठी वीण कच्छच्या रणात होते.

१७. ‘रोहित’ म्हणावे की ‘अग्निपंख’? तुमच्या यादीतील मराठी नावे इंटरनेटवर वेगळी दिसतात.

दोन्ही नावे बरोबर आहेत. मराठीत एका पक्ष्याला दोन-तीन नावे असणे नेहमीचे आहे. काही संस्कृतातून आली, काही मच्छीमार, पारधी आणि शेतकरी यांच्या बोलण्यातून. मूळचे सोलापूरचे असलेले निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांनी अशी नावे आयुष्यभर जमवली आणि रुळवली. त्यांचा ५ नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर या दोन जन्मदिवसांदरम्यान महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळला जातो. आमच्या यादीत एक रूढ नाव पुढे आणि दुसरे कंसात असते. माझ्या आवडीचे नाव मात्र चांदवा या पाणपक्ष्याचे आहे : काळा देह आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून त्याला वारकरी म्हणतात. हेच भीमेचे पाणी पुढे पंढरपुरी चंद्रभागा होते आणि आषाढीला उजनीतून मुद्दाम सोडले जाते, हे ठाऊक असलेल्या माणसाला भिगवणच्या पाण्यावर वारकऱ्यांचा थवा पाहताना वेगळी मजा येते.

१८. पाण्यात बुडालेले पळसनाथाचे मंदिर सहलीत दाखवता का?

नाही. पळसदेव गावाचे हे जुने दगडी मंदिर धरणात गेले. पाणी पुरेसे उतरले, की आधी शिखर आणि फार खालच्या पातळीला सबंध मंदिर उघडे पडते. ते पाहण्याजोगे निश्चितच आहे, परंतु ते उघडे पडते त्या वर्षी तिथे एवढी गर्दी होते, की पक्ष्यांच्या सहलीशी त्याचा मेळ बसत नाही. स्वतंत्र दिवस काढून जावे आणि जुन्या गावाच्या भिंती दिसल्या तर आसपासच्या वयस्कर माणसांशी चार शब्द बोलावे. ते गाव सोडून वर आलेली माणसे अजून भेटतात.

१९. त्याच दिवशी कडबनवाडीचे माळरानही होईल का?

आम्ही जोडत नाही. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या गवताळ माळावर चिंकारा, लांडगा तसेच धाविक आणि भोवत्या हे पक्षी पाहायला मिळतात, पण तिथलीही वेळ सकाळचीच चांगली. दोन्ही करायचे, तर मुक्काम करून दुसरी सकाळ तिथे द्यावी.

२०. अवकाळी पाऊस किंवा वारा असेल तर सहल रद्द होते का? पैसे परत मिळतात का?

आदल्या दिवशी सायंकाळी हवामान विभागाचा इशारा पाहून निर्णय घेतला जातो. आम्ही सहल रद्द केली, तर संपूर्ण रक्कम परत मिळते. काठावर पोहोचल्यावर वाऱ्यामुळे नाव सोडता आली नाही, तर नावेचा वाटा परत मिळतो आणि काठावरील फेरी होते. नाव सोडायची की नाही, याचा अंतिम निर्णय नावाड्याचा असतो, आयोजकांचा नाही. अपेक्षित पक्षी दिसला नाही, या कारणासाठी परतावा मिळत नाही (प्रश्न २ पाहावा).

२१. ड्रोन उडवता येईल का? मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवला तर?

दोन्ही गोष्टींना आमच्या सहलीत मनाई आहे. वरून येणारी वस्तू पाणपक्ष्यांना शिकारी पक्ष्यासारखी भासते आणि ड्रोनमुळे नावेपेक्षाही लवकर सगळा थवा उठतो. ‘माझ्याकडे ड्रोनचा परवाना आहे’ हे उत्तर येथे लागू पडत नाही. आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणे विणीच्या काळात अधिक त्रासदायक ठरते, कारण तो पक्षी प्रतिस्पर्धी आला असे समजून घरटे सोडून येतो.

२२. जाळ्यात अडकलेला किंवा गळ्यात पट्टी असलेला पक्षी दिसला तर काय करावे?

जाळे कापायला स्वतः पुढे जाऊ नये. ते कोणाच्या तरी पोटाचे साधन असते आणि घाबरलेला बगळा थेट डोळ्यांवर चोच मारतो. नावाड्याला सांगावे; तो जाळ्याच्या मालकाला ओळखत असतो आणि पक्षी सोडवण्याची रीत त्याला माहीत असते. जखम असल्यास वनविभागाला कळवले जाते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या तरतुदी लक्षात घेता जखमी पक्षी पिशवीत घालून घरी नेणे, हेतू चांगला असला तरी, अडचणीत आणू शकते.

गळ्यात रंगीत पट्टी किंवा पायात कडे असलेला पक्षी हा अभ्यासासाठी खूण केलेला असतो; मंगोलियात पट्टी बसवलेले पट्टकादंब भारतात आढळलेले आहेत. पट्टीचा रंग, त्यावरील अक्षरे व अंक, तारीख आणि जागा टिपून घ्यावी आणि शक्य तेवढे स्पष्ट छायाचित्र काढावे. आम्ही ती नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवतो. अंक नीट वाचता यावेत म्हणून नाव पुढे नेण्याची विनंती करू नये; प्रश्न ९ मधील नियम येथेही लागू आहे.

२३. सहलीच्या नोंदी कुठे जातात? घरट्याचा फोटो समाजमाध्यमांवर टाकला तर चालेल का?

नोंदी त्याच दुपारी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर भरल्या जातात आणि सहभागी झालेल्या प्रत्येकाला त्या मिळतात. संख्येचा अंदाज सर्वांनी मिळून करायचा असतो : थव्यातील शंभर पक्षी मोजायचे, तेवढा तुकडा डोळ्यांत धरायचा आणि असे किती तुकडे होतात ते पाहायचे. ‘हजारो’ हा आकडा स्वीकारला जात नाही. छायाचित्रे खुशाल प्रसिद्ध करावीत, मात्र घरट्याचे छायाचित्र किंवा त्याची नेमकी जागा टाकू नये, कारण पुढच्याच रविवारी तिथे नावा पोहोचतात.

२४. दुपारी विश्रांतीच्या वेळेत मी स्वतःच्या खर्चाने वेगळी नाव करून पुन्हा पाण्यात जाऊ शकतो का?

थंडीच्या महिन्यांत जाऊ शकता, पण तेव्हा तुम्ही आमच्या सहलीत नसता आणि जबाबदारी तुमची व नावाड्याची असते. लाइफ जॅकेट आमचेच घेऊन जावे, ते मागितले तर मिळते. मार्चपासून पुढे दुपारी गटातील कोणालाही पाण्यात जाऊ दिले जात नाही. कारण प्रश्न ७ मध्ये दिले आहे. साडेतीनपर्यंत काठावर परत यावे, कारण चार वाजता गाडी डिकसळकडे निघते.